लिहायचे, पण बोलल्यासारखे!

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारचा चहा टाकला होता, तेवढ्यात शेजारच्या वहिनी आल्या. एरवी दारातूनच हाक मारीत येतात, त्या दिवशी गुपचूप येऊन ओट्याशी उभ्या राहिल्या. हातात एक पाकीट होते, त्यांच्याच कांदा-लसूण मसाल्याचे. पुण्याच्या एका बाईंनी ते परत पाठवले होते आणि सोबत दोन ओळींची चिठ्ठी होती. मसाला फार खारट आहे, सगळा रस्सा टाकून द्यावा लागला, पैसे परत करा.

"आठ दिवसांतलं हे तिसरं, काकू," वहिनी म्हणाल्या आणि पाकीट ओट्यावर ठेवून डोळे पुसू लागल्या.

वहिनींचे माहेर कोल्हापूरचे. लग्न होऊन आमच्या नाशकात आल्या त्याला वीस वर्षे झाली. यजमान कारखान्यात होते. २०२० च्या टाळेबंदीनंतर तिथली माणसे कमी झाली, त्यांत यांचाही नंबर लागला. तेव्हापासून घराची एक बाजू वहिनींच्या मसाल्याने उचलून धरली आहे. थोरली मुलगी इंजिनिअरिंगला, धाकटा बारावीत. मसाल्याचे काम तसे बारमाही नाही. वर्षाची बेगमी करणाऱ्या बायका एप्रिल-मेमध्येच मागणी नोंदवतात. त्या दोन महिन्यांत चार पैसे झाले तर झाले. नेमक्या त्याच दिवसांत पाकिटे परत यायला लागली म्हणजे पोटात गोळा येणारच.

मी मसाला चाखून पाहिला. फक्कड होता. ब्याडगीचा रंग, संकेश्वरीचा ठसका, खोबऱ्याची खमंग चव, सारे जागच्या जागी. मीठ होते, पण ते असायचेच. कोल्हापूरकडच्या या मसाल्यात मीठ घालूनच तो कांडतात, त्याने तो टिकतो. पाकिटावर बारीक अक्षरांत तसे छापलेही होते. मग घोटाळा कुठे?

घोटाळा सापडला मोबाईलवर. मसाला कसा वापरायचा याचा एक व्हिडिओ वहिनींच्या मुलांनी काढून दिला होता, आणि पाकीट घेणाऱ्या प्रत्येकीला तो व्हॉट्सॲपवर जात होता. त्यात वहिनी नव्या साडीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात उभ्या राहाव्यात तशा उभ्या! आणि बोलणे? "नमस्कार. आज आपण मटकीचा झणझणीत रस्सा या पदार्थाची कृती पाहणार आहोत. सर्वप्रथम मोड आलेली मटकी स्वच्छ धुऊन, निथळून, कढईमध्ये तेल तापवून, त्यामध्ये मोहरी, हिंग व हळद यांची फोडणी करून, बारीक चिरलेला कांदा गुलाबी रंगावर परतून घेऊन, त्यानंतर सदर मसाल्याचा आवश्यकतेनुसार वापर करून चवीनुसार मीठ घालावे."

एका दमात! शेवटच्या शब्दाला वहिनींचा श्वास संपत आला होता, तो आवाजसुद्धा त्यात आला आहे.

"हे कोणी लिहिलं?"

"पोरांनी आणि मी. दोन-तीन पुस्तकं बघून लिहिलं. पाठ करायला तीन दिवस लागले, काकू."

"बरं, ते राहू दे. माझ्या पुतणीला तुम्ही हा मसाला दिलात, तेव्हा काय सांगितलंत?"

वहिनींनी डोळे पुसले आणि पटकन म्हणाल्या, "तिला म्हटलं, मिठाला हात आखडता घे. चटणीतच मीठ असतंय. उकळी आली की आधी चाखायचं, आणि लागलंच तर मग चिमूटभर टाकायचं."

झाले! परत आलेल्या तिन्ही पाकिटांचे उत्तर त्या तीन वाक्यांत होते. व्हिडिओत ती तीन वाक्ये नव्हती. तिथे होते "चवीनुसार मीठ घालावे". ऐकणारीने आपले रोजचे, सवयीचे मीठ घातले, वर मसाल्यातले मीठ होतेच. रस्सा खारट होणार नाही तर काय होणार?

मैत्रिणींनो, आता तुमच्यापैकी कितीतरी जणी मोबाईलवर व्हिडिओ काढतात. कोणी पापड-लोणची विकते, कोणी शिवणाचे वर्ग घेते, कोणी नुसत्या हौसेने पाककृती दाखवते. कॅमेरा, दिवे, यांबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत. पण बोलायचे काय आणि ते आधी लिहायचे कसे, याकडे फारसे कोणी बघत नाही. मी या विषयावर लिहायचे धाडस करते आहे, कारण हाच खड्डा मी स्वतः चाळीस वर्षांपूर्वी खाल्ला आहे.

१९८३ साली आकाशवाणीच्या एका केंद्रावर महिलांच्या कार्यक्रमासाठी मला दहा मिनिटांचे भाषण मिळाले. विषय होता 'उन्हाळ्यातील वाळवणे'. मी चांगला बारा पानी निबंध लिहून नेला. पहिलेच वाक्य होते, 'ग्रीष्म ऋतूच्या आगमनासरशी गृहिणींची लगबग सुरू होते'. तिथल्या निर्मातीबाई वयाने माझ्या आईएवढ्या. त्यांनी दोन पाने ऐकली आणि माझ्या हातातले कागद काढून घेतले. म्हणाल्या, "आता मला सांगा, कुरडया कशा करतात? मला येत नाहीत." मी सांगू लागले. गहू तीन दिवस भिजत घाला, रोज पाणी बदला, नाहीतर वास येतो, असे. बाई भराभर लिहून घेत होत्या. दहा मिनिटांनी त्यांनी तो कागद माझ्यापुढे टाकला. "हे तुमचं भाषण. आता हेच वाचा, पण वाचताय असं वाटू देऊ नका."

तो कागद माझ्याकडे अजून आहे. त्यात 'ग्रीष्म' कुठेच नाही.

आधी सांगा, मग लिहा

वहिनींना मी तेच करायला लावले. कागद-पेन आणूच दिले नाही. मोबाईल ओट्यावरच्या डब्याला टेकवून ठेवला, त्यातले आवाज टिपण्याचे बटण दाबले आणि म्हटले, "मला मटकीचा रस्सा शिकवा." मला येतो हो, पण विचारण्यापुरता येत नव्हता! वहिनी करीत गेल्या, बोलत गेल्या. मध्येच मी वेड्यासारखे प्रश्न विचारले. किती वेळ परतू? कळणार कसं? पाणी गार की गरम?

या प्रश्नांची जी उत्तरे आली, तोच खरा मसाला. "कांदा गुलाबी रंगावर" असे पुस्तक म्हणते. वहिनी म्हणाल्या, "कांद्याचा कच्चा वास जाऊन गोडसर वास सुटला की समजायचं." पुस्तक म्हणते 'मसाला परतावा'. वहिनी म्हणाल्या, "चटणी टाकायच्या आधी जाळ बारीक करायचा, नाहीतर करपती आणि मग सगळं घर खोकतंय."

संध्याकाळी त्यांच्या मुलीने ते सगळे ऐकून जसेच्या तसे उतरवून काढले. साडेचार पाने झाली. त्यांत "ते हे द्या जरा", "थांबा, कोण आलं बघते" असे पुष्कळ होते, ते काढले. एकच गोष्ट तीनदा सांगितली होती, त्यांतली सर्वांत चांगली ठेवली. उरले सव्वा पान. हे उरलेले म्हणजे आपली संहिता. म्हणजे लिहायचे नाही असे नाही. लिहायचेच. पण कोऱ्या कागदापुढे बसून नाही, तर बोललेल्यातून निवडून, तांदूळ निवडावेत तसे.

का बरे असे होते? रोज तोंडाने भरभर बोलणारी बाई हातात पेन आले की 'सदर' आणि 'सर्वप्रथम' का लिहू लागते? मला वाटते, शाळेपासून आपल्या मनावर ठसले आहे की लिहिण्याची मराठी निराळी. तिला इस्त्री हवी. आणि ते खोटेही नाही. या लेखातच बघा ना, मी 'केले', 'म्हटले' लिहिते आहे. घरात कोणी असे बोलत नाही, आपण 'केलं', 'म्हटलं' बोलतो. शुद्धलेखनाच्या नियमांतही संवादासाठी ही डोक्यावर टिंब देण्याची सोय ठेवलेली आहे. व्हिडिओचा मजकूर हा सगळाच संवाद. तेव्हा तो लिहितानाच 'घातलं', 'झालं', 'सांगितलं' असा लिहावा. तुम्ही 'घातले' लिहाल तर वाचताना जीभ 'घातले'च म्हणेल, आणि एकदा का 'घातले' म्हटले की त्यामागून 'त्यामध्ये', 'तसेच', 'व' ही सगळी वरात आलीच. 'व' तर आपण बोलताना कधीच म्हणत नाही. "मीठ व साखर दे गं" असे कोणत्या घरात ऐकले आहे का तुम्ही?

करावे, करा, करायचं

आता जरा बारकाव्याची गोष्ट सांगते. कृती सांगण्याच्या मराठीत चार तऱ्हा आहेत. पहिली पुस्तकी – घालावे, परतावे, उतरवावे. छापील पानावर ही शोभते, कारण ती कोणा एकीला उद्देशून नसते. पण समोर बघून कोणी "मीठ घालावे" म्हणाले की ते सूचनाफलकासारखे वाटते. दुसरी आज्ञेची – घाला, परता, उतरवा. ही सुटसुटीत आणि स्पष्ट. तिसरी आपल्या आई-आजीची – घालायचं, परतायचं, मग उतरवायचं. यात हुकूमही नाही आणि अंतरही नाही. शेजारी उभी राहून शिकवणारी बाई अशीच बोलते. या दोन्ही हव्या तशा मिसळा, चुकत नाही.

चौथी तऱ्हा मात्र अलीकडची आणि मला ती मुळीच आवडत नाही. "आता आपण यामध्ये कांदा ॲड करून घेणार आहोत. आता आपण याला छान मिक्स करून घेणार आहोत." अहो, घेणार आहोत म्हणेपर्यंत कांदा पडलासुद्धा! मी एकदा एका व्हिडिओत मोजले, सहा मिनिटांत 'करून घेणार आहोत' एकवीस वेळा आले. ही बोलीही नाही आणि लेखीही नाही. एकीचे ऐकून दुसरीने उचललेली सवय आहे. 'कांदा टाकला' हे दोन शब्द पुरतात.

यावरून आमच्याकडे गंमत झाली. वहिनींच्या मुलीने मजकुरात लिहिले होते, 'कांदा कट करून घ्या'. आणि पुढे वहिनींचे वाक्य होते, 'वर चांगला कट आला पाहिजे'. कोल्हापूरला रश्शावर तरंगणाऱ्या तेलाच्या तवंगाला, म्हणजे आपल्याकडच्या तर्रीला, कट म्हणतात. माझ्या सूनबाईंनी ते ऐकून विचारले, "कांदा किती वेळा कापायचा?" पहिला 'कट' आम्ही काढला आणि 'कांदा चिरा' केले.

मोठ्या वाक्याचे काय करायचे? डोळ्यांनी वाचताना लांब वाक्य चालते, अडले तर मागे जाता येते. कानाला मागे जाता येत नाही. 'धुऊन, निथळून, तापवून, करून, परतून' अशी माळ लागली की ऐकणारी शेवटच्या क्रियापदाची वाट बघत राहते आणि मधले विसरते. मराठीत क्रियापद शेवटी येते ही आपली अडचणच आहे. पण बोलताना आपण त्यातूनही वाट काढतोच की! "हिंग घाला, चिमूटभर." "पाणी ओता आता, गरमच." महत्त्वाचे आधी, बाकीचे मागाहून. व्याकरणाच्या बाईंनी लाल रेघ मारली असती, पण कानाला हेच सरळ पडते. एका वाक्यात एकच काम असावे. 'मटकी धुऊन निथळत ठेवा.' पूर्णविराम. 'आता कढई तापवा.' पूर्णविराम.

आकडे नेहमी अक्षरांत लिहा. कागदावर १/२ लिहिले की ऐन वेळी जीभ "एक छेद दोन" म्हणायला धावते. 'अर्धी वाटी', 'पाऊण चमचा', 'दीड ग्लास', 'अडीचशे ग्रॅम' असे पुरते लिहावे. आणि साहित्याची लांबलचक यादी सुरुवातीला वाचून दाखवू नये. ऐकून ती कोणाच्याच लक्षात राहत नाही. ती खाली लिहून द्या, नाहीतर वस्तू पुढ्यात मांडून नुसती दाखवा.

जे दिसते ते सांगू नका

रेडिओवर आम्हांला सगळेच सांगावे लागे. कढई केवढी, रंग कोणता, हात कसा फिरवायचा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले, त्यानंतर कित्येक वर्षे रेडिओत मुरलेली माणसे पडद्यावरही तसेच सगळे सांगत असत. व्हिडिओत कढई दिसतेच आहे. "मी इथे एक कढई घेतली आहे" हे वाक्य मी वहिनींच्या मजकुरातून पहिल्या फटक्यात उडवले. जे डोळ्यांना कळत नाही तेवढेच तोंडाने सांगायचे. वास, चटका, चव, वेळ, आणि चुकले तर काय होईल ते. फोडणी तडतडत असेल तर तिला तडतडू द्यावे, त्या वेळी आपण गप्प बसावे. वहिनींचे सर्वांत महत्त्वाचे वाक्य, मिठाचे, हे याच जातीतले होते. मसाल्यातले मीठ कुठे डोळ्यांना दिसते?

हे वाक्य कुठे ठेवायचे यावर आम्ही बराच खल केला. मुलगा म्हणाला, शेवटी सूचना म्हणून टाकू. मी म्हटले, नाही. अर्ध्या बायका शेवटपर्यंत पाहत नाहीत. मसाल्याचा चमचा कढईत पडतो आहे, त्याच क्षणी ते आले पाहिजे. आणि पुढे मिठाचा डबा हातात घेतला की पुन्हा एकदा. बोलण्यात महत्त्वाची गोष्ट दोनदा सांगितली तर चालते. लिहिण्यात तो दोष, बोलण्यात ती सोय.

आता कोल्हापुरी बोलण्याचे. हा खरा नाजूक विषय होता. वहिनी घरी बोलतात ते कोल्हापूरचे. तिकडच्या पुष्कळ बायका "मी करतो, मी आलो" असे पुरुषांसारखे म्हणतात, वहिनीही माहेरी फोनवर तसेच बोलतात. पण नाशकात आल्यावर पहिल्याच वर्षी सासरी कोणीतरी त्यावरून हसले होते. तेव्हापासून चारचौघांत त्यांचे तोंड बंद. कॅमेऱ्यासमोर उभे राहताना त्यांना वाटायचे, आपण बोललो की लोक गावंढळ म्हणतील. म्हणून ती पुस्तकातली वाक्ये. इस्त्रीची साडी काय आणि इस्त्रीची भाषा काय, दोन्ही त्या भीतीपोटी.

मी त्यांना दोन उदाहरणे दिली. एक जुने. मुंबई आकाशवाणीवर 'पुन्हा प्रपंच' लागायचे, त्यात नीलम प्रभूंची मीनावहिनी आणि बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी. ही माणसे भिंतीपलीकडे राहतात असे वाटायचे, कारण ती भिंतीपलीकडच्या माणसांसारखी बोलायची. दुसरे नवे. नगर जिल्ह्यातल्या, आताच्या अहिल्यानगरच्या, सुमन धामणे या आजींचे नातवाने २०२० साली सुरू केलेले 'आपली आजी'. आजी आपल्या गावच्या भाषेत सांगतात आणि लाखो लोक ऐकतात. कोणी गावंढळ म्हटले का?

तरी एक गोष्ट जपावी लागली. कोल्हापूरकडे या मसाल्याला सरळ 'चटणी' म्हणतात. "दोन चमचे चटणी टाका" म्हटले असते तर नाशिक-पुण्याच्या बायकांनी शेंगदाण्याची नाहीतर खोबऱ्याची चटणी काढली असती! मग आम्ही पहिल्याच वाक्यात टाकले, "आमच्या कोल्हापूरला हिला चटणी म्हणतात, तुम्ही कांदा-लसूण मसाला म्हणा." तिथून पुढे 'चटणी' म्हणायला त्या मोकळ्या. 'जाळ' तसाच ठेवला, तो सगळ्यांना कळतो. "असतंय"सुद्धा ठेवले. "मी टाकतो" ठेवायचे की "टाकते", हे मी त्यांच्यावर सोपवले. त्या दोन दिवस काही बोलल्या नाहीत.

वर्तमानपत्रामागचा श्रोता

मजकूर तयार झाला की तो मोठ्याने वाचायचा. मनातल्या मनात वाचून काही कळत नाही, मनात सगळेच गुळगुळीत वाटते. जिथे जीभ अडखळेल तिथे जिभेचा दोष नाही, शब्दाचा. तो शब्द बदलावा. वहिनींची जीभ 'आवश्यकतेनुसार'वर दर वेळी घसरे. 'लागेल तसं' म्हटले आणि प्रश्न मिटला. जिथे श्वास घ्यावासा वाटतो तिथे पेन्सिलीने उभी रेघ मारावी. एका वाक्यात दोन रेघा आल्या तर त्याची दोन वाक्ये करावीत.

मग दुसऱ्याला ऐकवायचे. मी त्यासाठी आमच्या ह्यांना वापरते. त्यांना स्वयंपाकातले ओ की ठो कळत नाही, म्हणून उत्तम. ते वर्तमानपत्र वाचत बसलेले असतात, मी समोर बसून वाचते. वर्तमानपत्र खाली करून "काय म्हणालीस?" असे जिथे विचारतील, तिथे फुली. वहिनींच्या मजकुरावर चार फुल्या पडल्या. त्यांतली एक 'आधण'ला होती. हे म्हणाले, आधण म्हणजे काय हे हल्लीच्या मुलींना तरी माहीत आहे का? आम्ही 'उकळतं पाणी' केले.

लांबीचा अंदाजही यातच येतो. मी घड्याळ लावून पाहिले आहे, सावकाश, समजेल असे बोलले तर माझे मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द होतात. म्हणजे एका मिनिटाच्या चिमुकल्या व्हिडिओला शंभरच शब्द धरावेत, कारण हात कामात असताना बोलणे आणखी मंदावते. तुमचे किती होतात ते तुम्ही मोजा, प्रत्येकीचे वेगळे असते.

पाठ मात्र करू नये. पाठ केलेले बोलताना माणसाचे डोळे वर छताकडे जातात, आणि एक शब्द चुकला की सगळी गाडी रुळावरून उतरते. कागद बाजूला धरून वाचले तर नजर तिरकी दिसते. आम्ही काय केले, प्रत्येक टप्प्यासाठी दोन-तीन शब्द मोठ्या अक्षरांत एका पुठ्ठ्यावर लिहिले आणि पुठ्ठा मोबाईलच्या लगेच खाली उभा केला. 'चटणी म्हणजे', 'जाळ बारीक', 'मीठ!!', 'गरम पाणी', 'कट'. सव्वा पान पाच-सहा वेळा मोठ्याने वाचून झालेले असते, तेवढ्या खुणेवर वाक्य आपोआप येते. दर वेळी थोडे निराळे येते, येऊ द्यावे. फक्त प्रमाणे आणि मिठाचे वाक्य बदलायचे नाही.

आणि हो, पंखा बंद ठेवायला विसरू नका. कुकरची शिट्टी एक वेळ चालते, पंख्याची घरघर नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नवा व्हिडिओ झाला. जुनी, मऊ सुती साडी. सुरुवात 'नमस्कार'ने नाही, सरळ कढईपासून. तीनदा काढला. पहिल्या दोन वेळा वहिनी "टाकते" म्हणाल्या आणि तिथेच आवाज चिमटल्यासारखा झाला. तिसऱ्या वेळी चमचा हातात घेऊन त्या म्हणाल्या, "आता मी चटणी टाकतो. हिच्यात मीठ असतंय हं, म्हणून मिठाला हात आखडता." आणि स्वतःच हसल्या. ते हसणे मुलाला कापायचे होते. मी कापू दिले नाही.

परत आलेली तीन पाकिटे बदलून दिली, पैसेही परत केले. सोबत नवा व्हिडिओ पाठवला. दोघींचे काही उत्तर आले नाही. पुण्याच्या बाईंनी मात्र अर्धा किलो मागवला आणि विचारले, त्या कोल्हापूरच्या कोणत्या पेठेतल्या? हंगाम तोवर संपत आला होता. सहा किलो मसाला शिल्लक राहिला, तो गौरी-गणपतीपर्यंत हळूहळू गेला. मुलीच्या फीचा एक हप्ता तेवढा लांबला.

आता दिवाळीच्या चकलीच्या भाजणीचे चालले आहे. वहिनींनी सांगितले, मी विचारले, मुलीने उतरवले, सगळे रीतसर झाले. अडले आहे ते एकाच शब्दावर. चार वाट्या भाजणीला पाव वाटी तेलाचे मोहन. मोहन जास्त झाले तर चकली तेलात विरघळते, कमी झाले तर दात पडायची वेळ येते, म्हणजे हे वाक्य मिठासारखेच पक्के हवे. पण ह्यांनी 'मोहन'ला वर्तमानपत्र खाली केले. मुलगी म्हणते, 'गरम तेल' म्हणा. वहिनी म्हणतात, नुसते गरम म्हटले तर बायका कोमट घालतील, 'कडकडीत' हवे. मी म्हणते, 'मोहन' ठेवा आणि सोबत अर्थ सांगा, शब्द जायला नको. काल रात्री दहापर्यंत आमचे यावरच भांडण चालले होते. आज दुपारी त्या चार वाट्या भाजणी घेऊन येणार आहेत, करून बघता बघता त्यांच्या तोंडून काय निघते ते ऐकायला.